इंग्रजी वर्णनातले सांधे: उपवाक्यं कशी जोडावीत, कॉमा कुठे द्यावा

"द रेन स्टॉप्ड, वी स्टेप्ड आउटसाइड."

हे वाक्य आपल्या कानाला बरोबर वाटतं. "पाऊस थांबला, आम्ही बाहेर पडलो" असं आपण मराठीत सहज लिहितो आणि त्यात काहीच चूक नसते. इंग्रजीत मात्र ही चूक आहे, आणि तिला नावही आहे: कॉमा स्प्लाइस. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने चिकटवली की ती होते. इंग्रजी वर्णनं तपासताना मला सर्वांत जास्त वेळा हीच चूक दिसते, आणि ती करणाऱ्यांचं इंग्रजी अनेकदा चांगलं असतं. शब्दसंपत्ती असते, निरीक्षण असतं, फक्त सांधे मराठीचे असतात.

असं का होतं ते आधी समजून घेऊ, कारण ते समजलं की पुढचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. "थांबला" म्हटलं की उपवाक्य संपलं, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. इंग्रजीत क्रियापद मध्येच येतं आणि त्यानंतर कर्म, जागा, वेळ असं काहीही येत राहतं. उपवाक्य कुठे संपलं हे शब्दांवरून कळत नाही. हे वाक्य पाहा: "शी ओपन्ड द डोअर अँड द विंडो रॅटल्ड." वाचणारा "तिने दार आणि खिडकी उघडली" असं समजून पुढे जातो, आणि "रॅटल्ड" आलं की त्याला मागे यावं लागतं. "डोअर"नंतर कॉमा असता तर तो अडखळला नसता. मराठीत "तिने दार उघडलं आणि खिडकी खडखडली" लिहिताना ही अडचण येऊच शकत नाही, कारण "उघडलं" मध्ये उभं आहे. मराठीत जे काम क्रियापद करतं, तेच इंग्रजीत विरामचिन्हाकडून करून घ्यावं लागतं.

त्यातून शाळेत आपण ऐकलेलं असतं की जिथे श्वास घ्यायचा तिथे स्वल्पविराम द्यायचा. हा सल्ला अगदीच निराधार नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या ॲरिस्टोफेनिस नावाच्या पंडिताने ग्रीक मजकुरात ठिपक्यांची पद्धत आणली, ती मोठ्याने वाचणाऱ्याला कुठे किती थांबायचं हे कळावं म्हणूनच. कॉमा हा शब्दही ग्रीक आहे, अर्थ कापलेला तुकडा. मराठीत तर पूर्वी दंडाखेरीज फारसं काही नव्हतं, मोडीत शब्दसुद्धा सलग लिहिले जात. आजची विरामचिन्हं 19 व्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांनी इंग्रजीवरून आपल्याकडे रुजवली. म्हणजे चिन्हं तीच, पण मराठीत ती वाचनाच्या लयीवर चालली, आणि छापील इंग्रजीत हळूहळू वाक्यरचनेशी घट्ट बांधली गेली. म्हणून इंग्रजी लिहिताना श्वास बाजूला ठेवायचा आणि सांधा पाहायचा.

या लेखात इंग्रजी उदाहरणंही देवनागरीतच दिली आहेत. शब्दांपेक्षा चिन्हांकडे नीट पाहा. ती वाक्यं स्वतःच्या वहीत रोमन लिपीत उतरवून घेतलीत तर सराव आपोआप होईल.

पायरी 1: काळ दाखवणारी क्रियापदं मोजा

आपण लिहिलेलं वाक्य घ्या आणि त्यातल्या काळ दाखवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. पुढचं सगळं या मोजणीवर उभं आहे.

"द ओल्ड मॅन सॅट ऑन द बेंच, होल्डिंग अ फोल्डेड न्यूजपेपर." इथे किती क्रियापदं? पाहणाऱ्याला तीन दिसतात: सॅट, होल्डिंग, फोल्डेड. पण रेघ एकाच शब्दाखाली येईल. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: वाक्याचा काळ बदलून बघा. कालचं आज केलं की "सॅट"चं "सिट्स" होतं, "होल्डिंग" मात्र जसंच्या तसं राहतं, "फोल्डेड"ही राहतं. जो शब्द बदलला तो खरा कणा. बाकीची आपल्या "धरून", "घडी केलेला" यांच्यासारखी धातुसाधितं आहेत. ती उपवाक्य उभं करत नाहीत.

आता "होल्डिंग"च्या आधी "ही वॉज" घाला: "द ओल्ड मॅन सॅट ऑन द बेंच, ही वॉज होल्डिंग अ फोल्डेड न्यूजपेपर." रेघा दोन झाल्या, दोघांना स्वतंत्र कर्ता आहे, आणि मघाशी पुरेसा असलेला कॉमा आता तोकडा पडला. दोन छोटे शब्द आले आणि सांधा बदलावा लागला.

उलट बाजूही तपासा. कर्ता आहे, क्रियापद आहे, पण सुरुवातीला "बिकॉज", "व्हेन", "ऑल्दो" असा शब्द आहे, तर तो तुकडा एकटा उभा राहत नाही. "बिकॉज द रोड वॉज वेट." एवढंच लिहून पूर्णविराम दिला तर वाचणारा पुढचं वाक्य शोधत राहतो. मुरलेले लेखक वर्णनात असे अर्धे तुकडे मुद्दाम वापरतात. परीक्षेत किंवा अर्जात ते टाळलेले बरे, कारण तपासणाऱ्याला ते मुद्दाम केलेले आहेत हे कळायला जागा नसते.

पायरी 2: दोन पूर्ण वाक्यांमधला सांधा निवडा

समजा आपल्याकडे दोन चित्रं आहेत. "द लेक वॉज स्टिल." आणि "द बोट्स हार्डली मूव्ह्ड." ती जोडायचे अनेक मार्ग आहेत आणि प्रत्येक मार्गाने अर्थाची छटा बदलते. बहुतेक मार्गदर्शकं हे सगळे मार्ग सारखेच मानून मोकळी होतात. वर्णन लिहिणाऱ्याला ते परवडणारं नाही.

पूर्णविरामच ठेवला तर दोन चित्रं वेगळी राहतात. वाचणारा आधी तळं बघतो, थांबतो, मग होड्या बघतो. संथ दृश्याला हे शोभतं, पण सलग सहा वाक्यं अशी आली तर यादी वाचल्यासारखं वाटतं.

"द लेक वॉज स्टिल, अँड द बोट्स हार्डली मूव्ह्ड." इथे दोन्ही चित्रं शेजारीशेजारी आली, सारख्या वजनाची. कॉमाबरोबर जोडणारा शब्द आला म्हणून हा सांधा पक्का आहे. असं बळ असलेले शब्द सातच धरतात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. त्यांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून फॅनबॉइज असा शब्द होतो, तो लक्षात ठेवायला बरा.

"द लेक वॉज स्टिल; द बोट्स हार्डली मूव्ह्ड." सेमीकोलन सांगतो की ही दोन वाक्यं एकाच गोष्टीबद्दल आहेत, नातं तुम्हीच ओळखा. हे चिन्ह 1490 च्या दशकात व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियस या मुद्रकाच्या छापखान्यातून आलं, कॉमाहून मोठा आणि कोलनहून लहान विराम हवा म्हणून. नियम एकच पाळा: त्याच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य हवं. आणि दोन वाक्यांत खरोखर जवळीक हवी. "द लेक वॉज स्टिल; माय अंकल इज अ टीचर" हे नियमाने बरोबर आहे, तरीही वाचणारा गोंधळेल.

"द लेक वॉज सो स्टिल दॅट द बोट्स हार्डली मूव्ह्ड." आता कार्यकारणभाव स्पष्ट झाला. "सो" आणि "दॅट" एकमेकांना धरून असतात, म्हणून मध्ये कॉमा नाही.

"द लेक वॉज स्टिल, द बोट्स हार्डली मूव्हिंग." मला सर्वांत आवडणारा सांधा हा. "मूव्ह्ड"चं "मूव्हिंग" झालं, दुसऱ्या तुकड्याने काळ सोडला, आणि तो पहिल्या चित्राच्या आत जाऊन बसला. म्हणून इथे नुसता कॉमा पुरतो. याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता फॅनबॉइजबद्दलची नेहमीची चूक. "अँड" दिसला की कॉमा, असं नसतं. "ही क्लोज्ड द बुक अँड लुक्ड ॲट द सी." इथे दुसऱ्या क्रियापदाला स्वतःचा कर्ता नाही, दोन्ही कामं "ही"च करतो, म्हणून कॉमा नको. "ही क्लोज्ड द बुक, अँड द सी विंड टर्न्ड कोल्ड." इथे दुसरा कर्ता आला, म्हणून कॉमा हवा. दोन्ही वाक्यं अगदी छोटी असतील तर कॉमा गाळला तरी चालतो, पण शंका असेल तेव्हा द्या. "सो"चे दोन अर्थ वेगळे ठेवा. "त्यामुळे" म्हणायचं असेल तर कॉमा लागतो: "द पाथ वॉज स्टीप, सो वी वॉक्ड स्लोली." "म्हणजे जेणेकरून" म्हणायचं असेल तर लागत नाही: "वी वॉक्ड स्लोली सो दॅट द चिल्ड्रन कुड कीप अप."

"हाउएव्हर" आणि "देन" हे दोन शब्द फार फसवतात. "द रूम वॉज स्मॉल, हाउएव्हर, इट वॉज फुल ऑफ लाइट." दोन्हीकडे कॉमे आहेत, दिसायला नीटनेटकं आहे, आणि तरी हा कॉमा स्प्लाइसच आहे. "हाउएव्हर" म्हणजे "बट" नव्हे, ते क्रियाविशेषण आहे. परीक्षा अशी: शब्द वाक्याच्या आत सरकवून बघा. "इट वॉज, हाउएव्हर, फुल ऑफ लाइट." सरकला. "इट वॉज, बट, फुल ऑफ लाइट." नाही सरकत. जो सरकतो तो वाक्यं जोडू शकत नाही. म्हणून: "द रूम वॉज स्मॉल; हाउएव्हर, इट वॉज फुल ऑफ लाइट." किंवा सरळ "बट" वापरा, वर्णनात तेच जास्त हलकं वाटतं. "द लाइट्स वेंट आउट, देन द म्यूझिक स्टॉप्ड" यातही तेच. "अँड देन" केलं की काम झालं. "देअरफोर", "मोअरओव्हर", "मीनव्हाइल" हे याच घरातले.

पायरी 3: एक चित्र दुसऱ्याच्या अधीन करा

सगळी चित्रं सारख्या वजनाची नसतात. गौण उपवाक्य वापरताना ठरवायचं असतं की प्रमुख काय आणि पार्श्वभूमी काय. चिन्हाचा नियम दोन ओळींचा आहे. गौण तुकडा आधी आला तर त्यानंतर कॉमा: "व्हेन द बेल रँग, शी वॉज स्टँडिंग बाय द विंडो." नंतर आला तर सहसा कॉमा नाही: "शी वॉज स्टँडिंग बाय द विंडो व्हेन द बेल रँग."

अर्थ दोन्हीकडे तोच, पण पहिलं वाक्य खिडकीपाशी संपतं आणि दुसरं घंटेपाशी. इंग्रजी वाक्यात जोर शेवटाकडे झुकतो. पुढच्या वाक्यात ती खिडकीबाहेर बघणार असेल तर पहिलं निवडा. घंटेनंतर गडबड उडणार असेल तर दुसरं.

आपल्या भाषेतल्या जोड्या इंग्रजीत शिरतात त्या इथे. मराठीत "जरी" म्हटलं की "तरी" येतंच, म्हणून आपण लिहितो: "ऑल्दो द सन वॉज आउट, बट द एअर वॉज कोल्ड." इंग्रजीला एकच जोडशब्द पुरतो. "ऑल्दो" ठेवला तर "बट" काढा, "बट" ठेवला तर "ऑल्दो" काढा. तसंच "ज्याअर्थी-त्याअर्थी"च्या वळणावर "बिकॉज इट वॉज डार्क, सो वी लिट द लँप" येतं. "सो" काढून टाका. मराठी मनात जोडी तयार असते, म्हणून ही चूक वाचताना डोळ्यांना दिसत नाही. पानावर "ऑल्दो", "दो", "बिकॉज", "सिन्स", "ॲज" कुठे आलेत ते बोटाने शोधायचं आणि त्याच वाक्यात पुढे "बट" किंवा "सो" आहे का ते बघायचं.

"व्हाइल"चे अर्थ दोन. "एकाच वेळी" असेल तर मागे कॉमा नाही: "शी हम्ड व्हाइल शी स्वेप्ट." "उलट, मात्र" असेल तर हवा: "द ईस्ट वॉल वॉज व्हाइट, व्हाइल द वेस्ट वॉल हॅड गॉन ग्रे."

आणि नकारानंतरचा "बिकॉज" जपून. "ही डिडन्ट लीव्ह बिकॉज इट वॉज रेनिंग." तो पावसामुळे थांबला, की निघाला पण पावसामुळे नव्हे? दोन्ही अर्थ निघतात. "लीव्ह"नंतर कॉमा दिला तर पहिला अर्थ पक्का होतो. गौण तुकडा नंतर आला तर कॉमा नको, या नियमाला इथे अपवाद करायचा. त्याहून बरं म्हणजे वाक्य उलटवा: "बिकॉज इट वॉज रेनिंग, ही डिडन्ट लीव्ह."

पायरी 4: माहिती गरजेची की जास्तीची

"द चिल्ड्रन हू वेअर टायर्ड स्लेप्ट."
"द चिल्ड्रन, हू वेअर टायर्ड, स्लेप्ट."

शब्द तेच. पहिल्यात फक्त दमलेली मुलं झोपली, बाकीची जागी आहेत. दुसऱ्यात सगळीच मुलं दमली होती आणि सगळीच झोपली. मराठीत "जी मुलं दमली होती ती झोपली" म्हटलं की पहिला अर्थ निघतो, आणि "मुलं दमली होती, झोपली" म्हटलं की दुसरा. आपण वाक्यच बदलतो. इंग्रजी ते दोन कॉम्यांवर सोडते.

म्हणून "हू" किंवा "विच"ने सुरू होणारा तुकडा आला की तो मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवा. कोणती वस्तू, कोणता माणूस हे अजूनही कळतंय का? कळत असेल तर तो तुकडा जास्तीचा, त्याला दोन्ही बाजूंनी कॉमा. कळत नसेल तर तो ओळख पटवणारा, त्याला एकही कॉमा नाही. विशेषनामानंतर येणारा तुकडा बहुतेक वेळा जास्तीचाच असतो, कारण नावाने ओळख आधीच पटलेली असते. कॉमे जोडीने येतात हे विसरू नका. पहिला देऊन दुसरा विसरणं ही न दिल्याहून वाईट चूक आहे, कारण वाचणारा आत शिरतो आणि त्याला बाहेर यायची वाट सापडत नाही.

"दॅट"ने सुरू होणारा तुकडा ओळख पटवणाराच असतो, म्हणून त्याला कॉम्यांत ठेवू नका. अमेरिकी संपादक असा तुकडा "दॅट"नेच लिहावा असा आग्रह धरतात. ब्रिटिश लेखनात कॉमाशिवाय "विच"ही चालतो. दोन्ही ठीक, एका लेखात एकच पाळा.

इथेही मराठीची एक सावली आहे. "जो-तो" रचनेमुळे आपण लिहून जातो: "द वुमन हू सोल्ड फ्लॉवर्स, शी हॅड अ सॉफ्ट व्हॉइस." हा "शी" म्हणजे आपला "ती". इंग्रजीत तो नको, आणि कॉमाही नको: "द वुमन हू सोल्ड फ्लॉवर्स हॅड अ सॉफ्ट व्हॉइस."

याच ओघात आणखी एक. कर्ता लांबला की आपण दम घेतो आणि कॉमा देतो: "द लिटल ब्रिज ॲट द एंड ऑफ द पाथ, वॉज ब्रोकन." कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा कधीच येत नाही, कर्ता कितीही लांब असो. "ही सेड दॅट" मध्ये "दॅट"च्या आधी किंवा नंतरही नाही. तिथे आपला "की" आणि त्यानंतरचा स्वल्पविराम डोकावतो.

पायरी 5: धातुसाधित कुणाचं ते विचारा

"खिडकीतून बघताना डोंगर निळा दिसत होता." मराठीत निर्दोष वाक्य. बघणारा कोण हे सांगावं लागत नाही, आपली भाषा कर्ता गृहीत धरायला मोकळी आहे. हेच इंग्रजीत नेलं की होतं: "लुकिंग आउट ऑफ द विंडो, द माउंटन सीम्ड ब्लू." इंग्रजीच्या नियमाने खिडकीतून डोंगर बघतोय. याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात, आणि वर्णनात्मक लेखनात तो फार येतो, कारण वर्णन करणारा स्वतः दृश्यातून बाहेर राहू पाहतो.

नियम: वाक्याच्या सुरुवातीला "-इंग" किंवा "-एड" तुकडा असेल, तर कॉमानंतर लगेच येणारं नाम त्या क्रियेचं मालक असलं पाहिजे. दुरुस्ती दोन प्रकारे होते. मालकाला पुढे आणा: "लुकिंग आउट ऑफ द विंडो, आय सॉ अ ब्लू माउंटन." किंवा तुकड्याला पूर्ण उपवाक्य करा: "ॲज आय लुक्ड आउट ऑफ द विंडो, द माउंटन सीम्ड ब्लू." डोंगराला कर्ता ठेवायचा असेल तर दुसरी वाट धरा.

काळाचाही फरक आहे. आपलं "-ऊन" आधीची क्रिया दाखवतं: पत्र लिहून ती झोपली. इंग्रजी "-इंग" सहसा एकाच वेळी किंवा लगोलग घडणारं दाखवतं. "रायटिंग द लेटर, शी स्लेप्ट" म्हणजे लिहिता लिहिता झोपली असं होईल. एक क्रिया संपून दुसरी झाली असेल तर "हॅविंग रिटन द लेटर, शी स्लेप्ट" किंवा "आफ्टर शी हॅड रिटन द लेटर".

तुकडा शेवटी आला तर कॉमा मालक ठरवतो. "ही सॉ द गर्ल स्टँडिंग बाय द गेट." फाटकापाशी मुलगी उभी आहे. "ही सॉ द गर्ल, स्टँडिंग बाय द गेट." आता तोच उभा असल्यासारखं वाटतं.

आता मघाचा आवडता सांधा. "द बस वेटेड ॲट द गेट, इट्स एंजिन रनिंग." दुसऱ्या तुकड्याला स्वतःचा कर्ता आहे, एंजिन, पण काळाचं क्रियापद नाही. म्हणून तो वाक्याला कॉमाने टेकतो. "इट्स एंजिन वॉज रनिंग" केलं की पुन्हा स्प्लाइस. माणसाचं, घराचं, प्राण्याचं वर्णन करताना ही रचना अतिशय कामाची आहे: आधी पूर्ण आकृती, मग तिचा एक बारीक तपशील. "शी सॅट ॲट द टेबल, हर हँड्स फोल्डेड, हर आइज ऑन द डोअर." मराठीत हे "हात जुळवलेले, नजर दाराकडे" असं येतं, म्हणजे आपल्याला ही लय परकी नाही. एका परिच्छेदात एकदाच वापरा. दोनदा आली की तिचं नवल जातं.

पायरी 6: विशेषणं आणि याद्या

"अ टॉल, क्वाएट मॅन" यात कॉमा आहे, "अ स्मॉल रेड वुडन बॉक्स" यात नाही. विशेषणांची अदलाबदल करून बघा, किंवा मध्ये "अँड" घालून बघा. "क्वाएट अँड टॉल मॅन" चालतं, म्हणजे दोन्ही समान दर्जाची, कॉमा द्या. "वुडन अँड रेड अँड स्मॉल बॉक्स" कानाला खटकतं, म्हणजे ती एकावर एक रचलेली आहेत, कॉमा नको. ती रचण्याचा क्रमही ठरलेला असतो: मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, साहित्य, उपयोग. सगळी आठ कुणी लावत नाही, दोन-तीन पुरतात. शेवटचं विशेषण आणि नाम यांच्यामध्ये कॉमा कधीच नाही.

तीन किंवा अधिक गोष्टींच्या यादीत शेवटच्या "अँड"आधी कॉमा द्यावा की नाही यावर जुना वाद आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाच्या शैलीवरून त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. मी तो देण्याच्या बाजूचा आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या पैशातून वगळलेल्या कामांची एक यादी होती. तिच्या शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन" असं होतं आणि "ऑर"आधी कॉमा नव्हता. त्यामुळे "डिस्ट्रिब्यूशन" हे वेगळं काम की "पॅकिंग"चाच भाग, हे ठरेना. एका दूध कंपनीच्या ड्रायव्हरांनी यावर दावा लावला, 2017 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

यादीतल्या एखाद्या घटकातच कॉमा असेल तर घटकांमध्ये सेमीकोलन द्या. कोलनच्या आधीचा भाग पूर्ण वाक्य असावा: "द शेल्फ हेल्ड थ्री थिंग्ज: अ लँप, अ क्लॉक, अँड अ ब्रोकन कप." "द शेल्फ हेल्ड" एवढ्यावर कोलन देऊ नका. डॅश अचानक वळणासाठी ठेवा, सगळीकडे वापरला तर वर्णन धावपळीचं होतं.

आता एक परिच्छेद दुरुस्त करू

कच्चा मजकूर असा आहे:

"द हाउस वॉज ओल्ड, इट स्टुड ॲट द एंड ऑफ अ नॅरो लेन, द वॉल्स वेअर कव्हर्ड विथ मॉस. ऑल्दो द रूफ वॉज ब्रोकन, बट द डोअर वॉज स्टिल स्ट्राँग. एंटरिंग द हॉल, अ स्मेल ऑफ डँप वुड केम टू मी. देअर वॉज अ क्लॉक ऑन द वॉल, विच वॉज नॉट वर्किंग, हाउएव्हर इट लुक्ड ब्यूटिफुल."

पहिल्या वाक्यात रेघा मारा: वॉज, स्टुड, वेअर कव्हर्ड. तीन पूर्ण उपवाक्यं, दोन नुसते कॉमे. सगळीकडे "अँड" घालून नियम पाळला जाईल, पण चित्र सपाट होईल. "ओल्ड" या एका शब्दासाठी पूर्ण उपवाक्य खर्च करायची गरज नाही, तो घराला चिकटवा. भिंती घराच्याच आहेत, त्यांना "इट्स" देऊन काळ काढून घ्या: "द ओल्ड हाउस स्टुड ॲट द एंड ऑफ अ नॅरो लेन, इट्स वॉल्स कव्हर्ड विथ मॉस." एकच रेघ उरली.

दुसऱ्यात "जरी-तरी" आहे, "बट" गेला: "ऑल्दो द रूफ वॉज ब्रोकन, द डोअर वॉज स्टिल स्ट्राँग." जोर दारावर संपतो, आणि पुढे आपण त्या दारातूनच आत जाणार आहोत, म्हणून हा क्रम असाच राहू द्या.

तिसऱ्यात वासच हॉलमध्ये शिरतोय. "ॲज आय एंटर्ड द हॉल, अ स्मेल ऑफ डँप वुड केम टू मी." "एंटरिंग द हॉल, आय स्मेल्ट डँप वुड" हेही बरोबर, पण त्यात मी पुढे येतो आणि वास मागे पडतो. इथे वास कर्ता राहिलेला मला हवा आहे.

चौथ्यात दोन अडचणी. "विच" भिंतीला लागून आहे, त्यामुळे बंद काय पडलंय, भिंत की घड्याळ, असा क्षणभर प्रश्न पडतो. आणि "हाउएव्हर"ने दोन वाक्यं जोडायचा प्रयत्न केलाय. घड्याळ वाक्याच्या शेवटी आणा, म्हणजे पुढचं सर्वनाम त्यालाच लागेल: "ऑन द वॉल हंग अ क्लॉक; इट हॅड स्टॉप्ड, बट इट लुक्ड ब्यूटिफुल." नियमाने हे पूर्ण बरोबर आहे. तरी मी इथे थांबणार नाही. घर मोडकळीला आलंय, वास ओलसर आहे, आणि वाचणाऱ्याच्या मनात शेवटी काय राहावं? सौंदर्य राहावं असं वाटत असेल तर वरचं वाक्य ठेवा. थांबलेला काळ राहावा असं वाटत असेल तर एकच उपवाक्य अधीन करा, कॉमा न देता, कारण ते त्या घड्याळाची ओळख आहे: "ऑन द वॉल हंग अ ब्यूटिफुल क्लॉक दॅट हॅड स्टॉप्ड." मी हे दुसरं ठेवेन.